मोबाईलच्या पोटातली काटकसर

(सामुदायिक रेडिओवर बचत गटांच्या मैत्रिणींसाठी केलेलं भाषण)

कामं आवरली का? नसतील आवरली तरी काही बिघडत नाही. हात कामात असू देत, कान तेवढे इकडं असू देत.

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, ताईंनी आज भलतंच काढलं. कर्ज, व्याज, परतफेड सोडून मोबाईलच्या आतली चिप? पण जरा मोजून बघा. गटाच्या बैठकीची नोंद मोबाईलमध्ये. बँकेचा ओटीपी मोबाईलवर. मसाल्याची, पापडाची ऑर्डर मोबाईलवर. डेअरीत किती दूध गेलं त्याचा मेसेज मोबाईलवर, पोरीच्या कॉलेजचा अर्जही मोबाईलवर. आणि नेमका दुपारी तीन वाजता हा मोबाईल मान टाकतो. बैठक अर्धी राहते, ऑर्डर दुसरीकडं जाते.

आणि मग घरात काय ऐकायला मिळतं? "दिवसभर त्यात बघत बसतीस, संपणारच की!" किंवा "तुला फोन वापरायचं कळत नाही." ऐकून ऐकून आपल्यालाही ते खरं वाटायला लागतं. आज मला एवढंच सांगायचंय की, फोन किती वीज खाणार हे बरंचसं तो आपल्या हातात येण्याआधीच ठरलेलं असतं. चिप तयार करणाऱ्यानं थोडं ठरवलेलं असतं आणि अ‍ॅप लिहिणाऱ्यानं थोडं. ते ठरवताना त्यांच्या डोळ्यांसमोर आपण होतो का, हा खरा प्रश्न आहे.

मी बी.ए. झालेली बाई, इंजिनिअर नव्हे. जे समजून घेतलं ते आपल्या घरातल्या भाषेत सांगते.

आधी फोनमध्ये वीज असते किती ते बघू. आजकालच्या बऱ्याच फोनच्या खोक्यावर ५००० एमएएच असं लिहिलेलं असतं. आकडा मोठा दिसतो. पण हिशेब केला तर ही वीज साधारण १९ वॅट-तास भरते. म्हणजे काय? आपला नऊ वॅटचा एलईडी बल्ब त्यावर दोन तास चालेल. साडेसातशे वॅटचा मिक्सर चालवायचा म्हटला तर जेमतेम दीड मिनिट. खोबऱ्याची चटणी वाटून होते न होते तोवर बॅटरी संपली! एवढ्याशा विजेवर फोन दिवसभर बोलतो, फोटो काढतो, पैसे पाठवतो, रस्ता दाखवतो.

आणखी एक हिशेब करू. असा फोन वर्षभर रोज रिकामा होईपर्यंत वापरून पूर्ण भरला, चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरली, तरी वर्षाला नऊ-दहा युनिटच्या आसपास वीज लागते. वर्षाला म्हणते मी, महिन्याला नव्हे. तेव्हा "तुझ्या फोनमुळं बिल वाढतंय" असं कुणी म्हणालं तर हा हिशेब त्यांच्या पुढ्यात ठेवा.

मग विजेची काटकसर कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण तोटा बिलात होत नाही, दुसरीकडं होतो. बॅटरी जितक्या वेळा भरावी आणि रिकामी करावी तितकी ती थकते. काहीशे वेळा असं झालं की तिची ताकद कमी व्हायला लागते. त्यात फोन सारखा तापत असेल तर आणखी लवकर. म्हणजे चार-पाच वर्षं चालायचा फोन दोन वर्षांत बदलायची पाळी. तो खर्च आपल्या पदरचा.

आणि एक तोटा पैशात मोजता येत नाही. आपल्या कोल्हापूरकरांना तो मी सांगायला नको. २०१९ चा ऑगस्ट आठवा, २०२१ चा जुलै आठवा. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. दोन्ही वेळेला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोळ, करवीर, हातकणंगल्याच्या किती गावांत वीज नव्हती. माळ्यावर, शाळेत, पाहुण्यांच्या घरी बसलेल्या बाईच्या हातात एकच गोष्ट होती, फोन. बोट कुठं आली, म्हातारी माणसं पोचली का, जनावरं कुठं बांधली, हे सगळं त्या फोनवर. त्या वेळी बॅटरीतला एक-एक टक्का म्हणजे काय, ते पूर बघितलेल्या बाईला विचारावं.

आता फोनच्या पोटात जाऊ. वीज खाणारे मोठे गडी तीन. पहिला पडदा. दुसरा नेटवर्कशी बोलणारा रेडिओ. तिसरी चिप, म्हणजे फोनचा मेंदू.

चिपमध्ये अब्जावधी बारीक बटणं असतात. डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक. कुठलंही काम करायचं म्हणजे ही बटणं चालू-बंद करायची. प्रत्येक वेळी चिमूटभर वीज जाते. मग एकूण वीज किती जाणार? किती बटणं हलली, सेकंदाला किती वेळा हलली, आणि विजेचा दाब किती होता, यावर ते ठरतं. यातला दाब सगळ्यांत महत्त्वाचा, कारण त्याचा हिशेब दुपटीनं लागतो. दाब निम्मा केला तर वीज निम्मी नाही, पाव होते. १९८० च्या सुमारास चिपला पाच व्होल्टचा दाब लागायचा. आजच्या फोनमधली चिप एक व्होल्टच्या आसपास, कधी त्याहून कमी दाबावर चालते. पाचाचा एक झाला म्हणजे प्रत्येक बटणामागं वीज पंचविसाव्या हिश्श्यावर आली.

पण दाब कमी केला की बटणं हळू हलतात. म्हणून फोनची चिप कामाप्रमाणं दाब आणि वेग बदलत राहते. आपण नाही का, दूध तापवताना गॅस मोठा ठेवतो आणि साय धरायला लागली की बारीक करतो? तसंच.

दुसरी युक्ती दोन शेगड्यांची. आपल्या गॅसला मोठा बर्नर असतो आणि लहान असतो. पाहुणे आले, मोठं पातेलं चढवायचं, तर मोठा. कपभर चहा करायचा तर लहान. चहासाठी मोठा बर्नर लावला तर निम्मी आच पातेल्याबाहेर जाते. २०११ मध्ये आर्म नावाच्या कंपनीनं ही पद्धत फोनच्या चिपसाठी जाहीर केली. एकाच चिपमध्ये काही ताकदवान मेंदू आणि काही लहान, कमी खाणारे मेंदू. मेसेज आला, गाणं लागलं, तर लहान मेंदू काम बघतो. व्हिडिओ कॉल सुरू केला, मोठं अ‍ॅप उघडलं, तर मोठा जागा होतो. काम झालं की तो पुन्हा झोपतो.

तिसरी युक्ती गिरणीची. जोंधळा जात्यावर दळता येतो, मिक्सरमध्येही फिरवता येतो. पण पायलीभर दळायचं तर गिरणीच बरी, कारण ती त्याच कामासाठी केलेली असते. चिपमध्ये व्हिडिओ दाखवायला वेगळा भाग, फोटोला वेगळा, आवाजाला वेगळा असे भाग असतात. सगळं काम मोठ्या मेंदूवर टाकलं असतं तर एक सिनेमाही बघून झाला नसता.

पण सगळ्यांत मोठी बचत कशात असेल? झोपेत. फोन खिशात, पर्समध्ये, फळीवर पडलेला असतो तेव्हा चिपचे बहुतेक भाग बंद असतात. नुसते थांबलेले नाहीत, त्यांची वीजच तोडलेली असते. कारण थांबलेल्या भागातूनसुद्धा वीज झिरपत राहते, नळ ठिबकतो तशी. ठिबकणाऱ्या नळाखाली बादली लावत बसण्यापेक्षा मागचा कॉक बंद केलेला बरा. चिप तयार करणारे हेच करतात. आणि शिकवण अशी की, जागं व्हा, काम झटकन उरका आणि परत झोपा. रोप लावणीला सगळ्या जणी एकदम शेतात उतरतात, वाफा उरकतात आणि बांधावर येतात. दिवसभर एक-एक जण चिखलात उभी राहत नाही. तसंच हे.

ही काटकसर सुरू कशी झाली ती गोष्ट मला फार आवडते. आत्ताच जिचं नाव घेतलं ती आर्म कंपनी निघण्याच्या आधीची गोष्ट. इंग्लंडमध्ये केंब्रिज गावात एकॉर्न नावाची लहान कॉम्प्युटर कंपनी होती. तिला स्वतःची चिप करायची होती. माणसं थोडी, पैसे त्याहून थोडे. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या दोघांवर मुख्य काम. विल्सन यांनी चिपला कुठल्या आज्ञा समजल्या पाहिजेत ते ठरवलं, फर्बर यांनी ती चिप आतून कशी असेल ते ठरवलं. महागडं चिनी मातीचं वेष्टन परवडणारं नव्हतं, चिप साध्या प्लॅस्टिकमध्ये बसवायची होती. प्लॅस्टिकला जास्त उष्णता सोसत नाही. म्हणून चिपनं एक वॅटपेक्षा कमी वीज खाल्ली पाहिजे असं ठरलं. नेमकी किती खाईल ते मोजायची चांगली साधनंही हाताशी नव्हती, म्हणून प्रत्येक ठिकाणी हात आखडता घेतला. १९८५ च्या एप्रिलमध्ये चिप तयार होऊन आली. त्यात बटणं होती फक्त पंचवीस हजारांच्या आसपास. चालवली, तर ती पहिल्याच दिवशी चालली.

फर्बर यांनी पुढं सांगितलंय की, वीज किती जाते ते बघायला त्यांनी मीटर लावला तर मीटर शून्य दाखवायचा. चिप तर काम करत होती. मग लक्षात आलं की, ज्या बोर्डवर चिप बसवली होती त्याच्यातच चूक होती. चिपला वीज जोडलेलीच नव्हती! शेजारच्या भागांकडून जी झिरपून येत होती तेवढ्यावर ती चालत होती. खरा खर्च मोजला तेव्हा तो एक वॅटच्या दहाव्या हिश्श्याच्या घरात भरला.

त्या वेळी मोबाईल फोन कुणाच्या मनात नव्हता. पण पुढं खिशातला फोन आला तेव्हा त्याला अशीच कमी खाणारी चिप हवी होती. १९९० मध्ये त्या कामातून आर्म ही वेगळी कंपनी निघाली आणि आज आपल्या जवळपास प्रत्येक फोनमध्ये तिच्या पद्धतीची चिप आहे. मैत्रिणींनो, बचत गटातल्या बायकांना ही गोष्ट चटकन कळेल. हाताशी कमी होतं म्हणून विचार करून खर्च केला, आणि ती सवयच पुढं भांडवल झाली. आपला गटही पन्नास-शंभर रुपयांपासूनच सुरू झाला होता ना?

आपल्या देशाचाही यात वाटा आहे. त्याच १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीनं बेंगळुरूत काम सुरू केलं आणि चिपचे आराखडे आपल्याकडं व्हायला लागले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था सुरू झाली, तिथं डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम हा महासंगणक झाला. आज जगात चिपचा आराखडा करणाऱ्या इंजिनिअरांपैकी साधारण वीस टक्के भारतातले आहेत, असं केंद्र सरकार सांगतं. म्हणजे आपल्या फोनच्या पोटातली काटकसर कुणा आपल्याच लेकीनं, लेकानं केलेली असू शकते.

चिपचं झालं. आता दुसरा अर्धा भाग, सॉफ्टवेअर. म्हणजे अ‍ॅप, आणि अ‍ॅपला चालवणारी फोनची यंत्रणा. चिप कितीही काटकसरी असू दे, सॉफ्टवेअर उधळ्या निघालं की संपलं. सासूनं पै-पै जोडायची आणि घरातल्या एकानं उडवायची, असं होतं.

समजा तुम्हाला वीस भाकरी करायच्या आहेत. चूल पेटवली, तवा तापवला, एक भाकरी केली, चूल विझवली. पाच मिनिटांनी परत पेटवली, दुसरी भाकरी केली, परत विझवली. किती सरपण जाईल? भाकरीला कमी आणि चूल पेटवायलाच जास्त. फोनचा रेडिओ असाच आहे. एक लहानसा मेसेज पाठवायला तो जागा होतो, आणि पाठवून झाल्यावर लगेच झोपत नाही. आणखी काही येईल म्हणून काही सेकंद जागाच राहतो. ती काही सेकंदांची वीज फुकट.

आता आपल्या बैठकीचं बघा. बारा बाया. प्रत्येकीची बचत, कर्जाचा हप्ता, व्याज, अशा तीन नोंदी धरल्या तर छत्तीस झाल्या. अ‍ॅप जर प्रत्येक नोंद लिहिल्या लिहिल्या पाठवत बसलं तर छत्तीस वेळा चूल पेटली. तेच अ‍ॅप सगळ्या नोंदी फोनमध्येच साठवून बैठक संपल्यावर एकदम पाठवत असेल तर एकदाच. काम तेच, वही तीच. फरक फक्त अ‍ॅप लिहिणाऱ्याच्या विचारात.

गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीच्या डोंगराकडच्या बायकांना तर हे दुपटीनं भोगावं लागतं. टॉवर लांब असला की फोनला जास्त जोर लावून ओरडावं लागतं, म्हणून रेंज कमी असलेल्या गावात बॅटरी लवकर उतरते. एक आक्का मला म्हणाल्या होत्या, "कोल्हापुरात पोरीकडं गेलं की ह्योच फोन दोन दिवस चालतो, गावात आलं की संध्याकाळी मरतो." त्यांना वाटत होतं गावातल्या विजेत दोष आहे. विजेत काही दोष नाही, फोन टॉवरला शोधून दमतो.

काही अ‍ॅप लहान पोरासारखी असतात. आई बाजाराला गेली की पोर दर दोन मिनिटाला दारात जाऊन बघतं, आली का? आली का? तशी ही अ‍ॅप दर थोड्या वेळानं उठून विचारतात, काही नवीन आलं का? प्रत्येक वेळी सगळा फोन जागा होतो. शहाणं अ‍ॅप झोपून राहतं, आणि खरंच काही आलं की दाराची कडी वाजते, मगच उठतं. हा गोंधळ इतका वाढला होता की २०१५ मध्ये अँड्रॉइडनं आपल्या सहाव्या आवृत्तीत एक सोय केली. फोन बराच वेळ हलला नाही, पडदा बंद असला, की सगळ्या अ‍ॅपना झोपायला लावायचं आणि अधूनमधून ठरलेल्या वेळी एकदमच उठवायचं. शाळेच्या घंटेसारखं.

आता कुणी म्हणेल, अ‍ॅप जड असतात त्याला इलाज नाही, कामच तेवढं असतं. हे खरं नाही. २०१७ मध्ये मुंबईत रिलायन्सनं जिओफोन जाहीर केला, आठवतो ना? दीड हजाराच्या अनामतीवर मिळायचा. बटणांचा फोन, मेमरी ५१२ एमबी, बॅटरी २००० एमएएच. आजच्या फोनपुढं काहीच नाही. पण तो लाखो घरांत गेला, तेव्हा २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं त्या लहान फोनसाठी वेगळं, हलकं अ‍ॅप तयार केलं. आणि २०२२ मध्ये, बरोबर ८ मार्चला, महिला दिनाच्या दिवशी, रिझर्व्ह बँकेनं साध्या बटणाच्या फोनवरून यूपीआयनं पैसे पाठवायची सोय सुरू केली. इंटरनेटसुद्धा लागत नाही. म्हणजे बनवणाऱ्यानं मनावर घेतलं तर लहान फोनवरही काम होतं. त्याआधी २००३ चा नोकियाचा ११०० आठवा. पुढं टॉर्च, वर धूळ न जाणारं कीबोर्ड, लहानसा काळापांढरा पडदा. लोडशेडिंगच्या काळात त्याच टॉर्चवर किती घरांत जेवणं झाली! चार-चार दिवस चार्जर लागायचा नाही. जगभर असे पंचवीस कोटींच्या वर फोन खपले. आपल्यासारखी माणसं डोळ्यांसमोर ठेवून केलेली वस्तू अशी असते.

आणि आपल्याला डोळ्यांसमोर न ठेवता केलं तर काय होतं? त्याचं उदाहरण लांब शोधायला नको, आपल्या अंगणवाडीच्या ताईंना विचारा. २०१९ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना सरकारनं मोबाईल दिले. मेमरी दोन जीबी. २०२१ मध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर हे नवीन अ‍ॅप आलं. सेविकांचं म्हणणं होतं, या फोनला ते झेपत नाही. फोन तापतो, अडकतो, भरलेली माहिती जाते. अ‍ॅपची भाषा इंग्रजी. फोन बिघडला तर दुरुस्तीचा हजारोंचा खर्च सेविकेच्या माथी, आणि तोवर वॉरंटीही संपलेली. शेवटी त्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी प्रकल्प कार्यालयात जाऊन फोन परत केले. २०२३ च्या फेब्रुवारीत संप झाला, त्यातही चांगल्या मोबाईलची मागणी होती.

बातम्यांत त्याला मोबाईल वापसी आंदोलन म्हणाले. मला विचाराल तर त्या बायकांनी एक अभियांत्रिकीचा प्रश्न विचारला होता. फोन एकानं घेतला, अ‍ॅप दुसऱ्यानं लिहिलं, आणि दोघांचं एकमेकांशी जमतं का, हे दुपारी बाराच्या उन्हात, एका काट्याच्या रेंजवर, बाळाचं वजन करता करता कुणी तपासलंच नाही. वातानुकूलित खोलीत, नव्या महागड्या फोनवर सगळं झकास चाललं असणार. आणि फोन तापला तेव्हा बोट कुणाकडं गेलं? सेविकेकडं. "तुम्हाला वापरता येत नाही."

म्हणून मैत्रिणींनो, आपण दोन कामं करायची. एक घरातलं, एक बाहेरचं.

घरातलं आधी. फोनच्या सेटिंगमध्ये बॅटरी म्हणून एक जागा असते. तिथं कुठलं अ‍ॅप किती टक्के खातंय त्याची यादी मिळते. गटाचा हिशेब तपासता तशी ती यादी महिन्यातून एकदा तपासा. न वापरता खाणारं अ‍ॅप दिसलं तर काढून टाका. पडद्याचा उजेड गरजेपुरता ठेवा. लोकेशन रस्ता बघण्यापुरतंच चालू ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे सुप्रभातचे फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरवायचं बंद करा, मोबाईल डेटा आणि साठा दोन्ही वाचेल. चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली, गोधडीखाली, चुलीजवळ ठेवू नका. आणि पावसाळ्यात नदीकाठच्या बायकांनी जूनपासूनच पॉवर बँक भरून ठेवावी, बॅटरी सेव्हर कसा लावायचा ते आजच शिकून घ्यावं. पाणी दारात आल्यावर शिकायला वेळ नसतो. त्या वेळी फोन करण्याऐवजी एसएमएस करा. कमी विजेत जातो आणि रेंज नसताना फोन लागला नाही तरी मेसेज बऱ्याचदा पोचतो.

आता बाहेरचं काम. ते जास्त महत्त्वाचं. गटाला, ग्रामसंघाला कुणी नवीन अ‍ॅप घेऊन आलं, मग ते सरकारी असो, बँकेचं असो की एखाद्या कंपनीचं, तर प्रशिक्षणाला नुसत्या माना डोलवू नका. चार प्रश्न विचारा. आमच्यात ज्या बाईकडं सगळ्यांत स्वस्त फोन आहे त्याच्यावर हे चालतं का? आत्ता, इथं, चालवून दाखवा. रेंज नसताना नोंद होते का, आणि नंतर एकदम जाते का? मराठीत आहे का? आणि फोन बिघडला तर खर्च कुणाचा? उत्तर काय मिळालं ते ठरावाच्या वहीत लिहून ठेवा. तोंडी सांगितलेलं विसरतात, लिहिलेलं राहतं.

असे प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. फोन तयार करणाऱ्या, अ‍ॅप लिहिणाऱ्या माणसाला खरं तर याच माहितीची गरज असते. तो बसतो बेंगळुरूत, पुण्यात, हैदराबादेत. त्याला गगनबावड्यातली रेंज कशी कळणार? आपण सांगितल्याशिवाय नाही कळणार.

किंवा आणखी एक मार्ग आहे. ते सांगणारी मुलगी आपल्याच घरातून तिथं जाऊ दे. कोल्हापुरात शासकीय तंत्रनिकेतन आहे, शिवाजी विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्सचा विभाग आहे, इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत. सांगलीला वालचंद आहे. दहावी-बारावीनंतर इलेक्ट्रॉनिक्सचं नाव काढलं की घरातले म्हणतात, पोरीला वायरी जोडायच्या आहेत का? त्यांना सांगा, चिपच्या आराखड्याचं काम टेबलावर बसून, कॉम्प्युटरवर, डोक्यानं करायचं असतं. आणि काटकसर कशी करायची हे आपल्या पोरींना नव्यानं शिकवायला लागत नाही. लहानपणापासून त्या बघत आल्या आहेत.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीनं आपल्या फोनची बॅटरीची यादी उघडायची आणि कुठल्या अ‍ॅपनं सगळ्यांत जास्त खाल्लं ते मोठ्यानं वाचून दाखवायचं. एखादं नाव बाराही जणींच्या यादीत वर आलं, तर समजा की दोष बाराजणींचा नाही. मग ते नाव आणि तक्रार लिहून आपल्या सहयोगिनीकडं, तालुक्याच्या कार्यालयाकडं द्या. मीही माझ्याकडच्या गटांची यादी करून पुढं पाठवणार आहे.

आता चुलीवरचं बघा.